लेकराने सांडलं, उचलायचं कोणी?

आजचा विषय दिसायला लहान आहे. पण गटाच्या बैठकीत तो निघाला की बचतीची वही बाजूला राहते आणि अर्धा तास बोलणं चालतं. विषय असा. आपण लेकरू घेऊन बाहेर खायला बसतो. हॉटेलात, रसवंतीवर, एसटी स्टँडच्या कॅन्टीनमध्ये, नाहीतर शहरात आता निघालेल्या एखाद्या कॅफेत. लेकरू खातं थोडं आणि सांडतं जास्त. टेबलावर वरणभात, बाकड्यावर बिस्किटाचा चुरा, खाली फरशीवर शेव. खाणं झालं, पैसे दिले, निघायची वेळ झाली. आता तो पसारा आपण आवरायचा, की हॉटेलवाल्याने?

आपल्या आजीला हा प्रश्न फारसा पडला नाही. ती गावाला निघाली तर फडक्यात भाकरी आणि चटणी बांधून घ्यायची. झाडाखाली बसून खायची. लेकराच्या हातून सांडलेलं चिमण्या आणि मुंग्या वेचून न्यायच्या. आपलं आता तसं राहिलं नाही. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत मिळते. कधी बँकेचं काम, कधी दवाखाना, कधी तालुक्याची बैठक, कधी माहेर. चोपड्याहून जळगावला, शिरपूरहून धुळ्याला आपण लेकरू कडेवर घेऊन जातो. दुपार तिथेच होते. भूक लागते. लेकराला तर आपल्याआधी लागते. मग हॉटेलात बसावंच लागतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बैठकीत या प्रश्नाला दोन उत्तरं ऐकू येतात. काही जणी म्हणतात, "आम्ही पैसे मोजले. टेबल पुसायला त्यांनी माणूस ठेवलेला आहे. घरी रोज खरकटं काढतो, एक दिवस बाहेर खाल्लं तर तिथेही तेच का करायचं?" काही जणी म्हणतात, "लेकरू आपलं, सांडलेलं आपलं. दुसऱ्या बाईने ते का उचलावं?" दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. आणि दोन्हीकडे आपल्याच बाया आहेत. लेकराची आई आपल्या गटात आहे. हॉटेलात टेबल पुसणारी, भांडी घासणारी बाईही आपल्याच गटात आहे. काही गट तर स्वतःच खानावळ, नाश्त्याची गाडी, नाहीतर यात्रेतला स्टॉल चालवतात. म्हणून हा प्रश्न नीट सोडवून पाहू.

लेकरू सांडणारच

आधी लेकराची बाजू घेऊ. आपल्याकडे बाळाला पहिला घास देण्याच्या समारंभाला काय म्हणतात? उष्टावण. मामा येतो, खीर होते, चांदीची नाहीतर स्टीलची वाटी निघते, फोटो निघतात. बाळ सहा महिन्यांचं झालं की आईच्या दुधाबरोबर वरचं अन्न सुरू करावं, असं अंगणवाडीताईही सांगतात. ज्या दिवशी उष्टावण होते, त्या दिवसापासून सांडणंही सुरू होतं.

नऊ-दहा महिन्यांचं बाळ अंगठा आणि बोट जुळवून एकेक शीत उचलायला शिकतं. ते शीत तोंडात जाईल, कानाला लागेल, नाहीतर खाली पडेल. वर्षाच्या आसपासचं लेकरू मुद्दाम वाटी खाली टाकतं आणि ती कुठे गेली ते वाकून बघतं. ही खोडी नसते. वस्तू सोडली की खाली पडते, आवाज होतो, आई परत उचलून देते, हे ते शिकत असतं. हाताने खाणं, सांडणं, परत उचलणं यातूनच ते स्वतः जेवायला शिकतं. म्हणून सांडलं म्हणून चारचौघांत लेकराला फटका देणं चुकीचं. त्या फटक्याने सांडणं थांबत नाही. लेकरू फक्त जेवायला घाबरायला लागतं.

आणि एक गोष्ट. "लेकरू पसारा करतं म्हणून मी बाहेर जातच नाही," असं सांगणाऱ्या तरुण आया आम्हाला भेटतात. हे व्हायला नको. बैठक, बाजार, दवाखाना, चार घटका बाहेर बसून चहा पिणं, यावर लहान लेकराच्या आईचाही हक्क आहे. तेव्हा प्रश्न लेकराने सांडलं का हा नाहीच. सांडल्यावर मोठ्यांनी काय करायचं, एवढाच आहे.

पैसे मोजले ते कशाचे?

"पैसे दिलेत ना" हे बोलणं जरा उलगडून पाहू. आपण शेवभाजीची थाळी घेतो. त्या पैशात शेव, तेल, मसाला, भाकरीचं पीठ येतं. गॅस येतो. जागेचं भाडं, लाइटबिल येतं. आचाऱ्याची, वाढणाऱ्याची, भांडी घासणाऱ्या बाईची मजुरी येते. मालकाचा नफा येतो. म्हणजे टेबल पुसायचे पैसे आपण दिलेले आहेत, हे खरं आहे.

पण ती मजुरी कशावर ठरते? बहुतेक ठिकाणी टेबल पुसणाऱ्या बाईला दिवसाचा रोज असतो, नाहीतर महिन्याचा पगार. किती सांडलं यावर तिचा पैसा वाढत नाही. मोठं माणूस जेवून उठलं की मागे एक ताट, एक वाटी आणि ग्लासाचा ओला गोल राहतो. दोन हात फिरवले की टेबल मोकळं. मालकाने माणसं ठेवताना या कामाचा हिशोब धरलेला असतो. लेकराने बाकडं, टेबल, फरशी अशा तीन ठिकाणी भात कालवला, तर तिथे आणखी पाच-दहा मिनिटं जातात. ही मिनिटं मालकाच्या हिशोबात नसतात, बाईच्या रोजात नसतात आणि आपल्या बिलातही नसतात. बाजाराच्या दिवशी दारात गिऱ्हाईक उभं असतं. मालक आतून ओरडतो, "टेबल लवकर मोकळं करा." ते बोलणं आपल्याला ऐकावं लागत नाही. तिला लागतं.

मोठ्या हॉटेलच्या बिलात खाली जीएसटी लिहिलेला असतो, साध्या रेस्टॉरंटमध्ये तो 5 टक्के असतो. तो सरकारकडे जातो, टेबल पुसणारीकडे नाही. काही ठिकाणी बिलात सेवा शुल्क लावलेलं असतं. ते आपल्याला न विचारता बिलात घालता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलेलं आहे. तेव्हा बिलाचा आकडा मोठा आहे म्हणून त्या बाईला जास्त मिळालं असेल, असा समज करून घेऊ नये.

आता दुसरी बाजू. हॉटेल स्वच्छ ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि ती कायद्याने आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा आहे. त्याखाली नोंदणी किंवा परवाना घेणाऱ्याला जागा स्वच्छ ठेवणं, कचऱ्याला झाकणाचा डबा ठेवणं, कामगारांना हात धुण्याची सोय करणं या अटी पाळाव्या लागतात. टेबल धुतलेल्या फडक्याने पुसणं, फरशी पुसणं, खरकटं वेळेवर हलवणं हे त्यांचंच काम. ते गिऱ्हाइकावर ढकलता येत नाही. कोणी आईला म्हटलं, "बाई, फरशी पुसून जा," तर ते चूक. आपण पैसे देऊन जेवायला आलो आहोत, धुणीभांडी करायला नाही.

मग रेघ कुठे मारायची?

बऱ्याच बैठकांतल्या बोलण्यातून आम्ही एक साधी रेघ मारली आहे. जे हाताने उचलता येतं ते आपलं. ज्याला ओलं फडकं, पाणी आणि पोछा लागतो ते हॉटेलचं.

म्हणजे काय? सांडलेला भात, भाकरीचे तुकडे, शेव, केळीची साल, चॉकलेटचा कागद, बाळाने फेकलेला चमचा हे उचलून ताटात नाहीतर डब्यात टाकायचं. टेबलाचा तेलकटपणा, रसाचा चिकटपणा, फरशीवरचा डाग त्यांच्यासाठी ठेवायचा. असं केलं की टेबल पुसणारीला तिचं रोजचं काम उरतं आणि लेकरामुळे वाढलेलं काम आपण कमी केलेलं असतं. "आपणच सगळं केलं तर तिची मजुरी जाईल" ही भीतीही यात राहत नाही. तिची मजुरी पुसण्याची आहे. आपल्या लेकराच्या हातचं शीतन् शीत वेचण्याची नाही.

या रेघेला काही अपवाद आहेत. काच फुटली तर हात लावायचा नाही. लेकराला आधी उचलून बाजूला घ्यायचं आणि लगेच सांगायचं. सिझर झालेली, पोटुशी, कंबरदुखीची बाई असेल तर तिने टेबलाखाली वाकायची गरज नाही. टेबलावरचं गोळा केलं तरी पुरे. एसटी लागली असेल आणि वेळच नसेल, तर दोन शब्द बोलायचे: "मावशी, गाडी लागली हो, लेकराने खाली सांडलंय, तेवढं बघा." एवढं बोललं तरी फरक पडतो. न बोलता उठून जाणारं माणूस आणि सांगून जाणारं माणूस यातलं अंतर त्या मावशीला बरोबर कळतं. कोणी तिच्या हातात दहा-वीस रुपये ठेवत असेल तर चांगलंच आहे. पण ते तिच्याच हातात द्यावे. आणि पैसे ठेवले म्हणून पसाराही ठेवायची मोकळीक मिळाली, असं नाही.

पसारा कमी कसा होईल?

घरून निघताना पिशवीत तीन वस्तू ठेवा. जुन्या लुगड्याची नाहीतर ओढणीची दोन फडकी, एक रिकामी पिशवी, आणि साबणाचा लहान तुकडा डबीत घालून. बाजारातले वेट वाइप्स घ्यायलाच हवेत असं नाही. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत प्लास्टिकचे धागे असतात, ते कुजत नाहीत. संडासात टाकले तर पाइप तुंबतो. लुगड्याचं फडकं धुऊन परत वापरता येतं.

बसल्यावर एक फडकं लेकराच्या पुढ्यात पसरा. सगळं ताट एकदम त्याच्यापुढे ठेवू नका. रिकामी ताटली मागून घ्या आणि आपल्या ताटातलं दोन-दोन घास वाढा. पाण्याचा ग्लास अर्धाच भरा आणि त्याच्या हाताच्या टप्प्यापासून लांब ठेवा. गरम चहा, गरम रस्सा तर लांबच हवा. तिथे प्रश्न सांडण्याचा नाही, भाजण्याचा आहे. जेवण झालं की फडक्याची चारी टोकं धरून उचला आणि ताटात झटका. निम्मा पसारा तिथेच संपतो.

सांडलंच तर आधी कोरडं उचलायचं. ओल्या फडक्याने एकदम पुसायला गेलं की भाताची शितं चिरडतात आणि चिकटतात. कोरडं फडकं नाहीतर कागद घेऊन कडेकडून मध्ये गोळा करा. शेवभाजीचा तेलकट रस्सा सांडला तर त्यावर कागद टाकून तेल टिपून घ्या, चोळू नका. उसाचा रस सांडला तर लगेच सांगा. गोडावर माश्या बसतात. उकिरड्यावरून उठून आलेली माशी शेजारच्या ताटावर बसते. फरशीवरच्या ओल्या भातावरून नाहीतर केळीच्या सालीवरून पाय घसरून म्हातारं माणूस पडू शकतं. म्हणजे हे आवरणं नुसतं चांगलं दिसावं म्हणून नाही.

लेकराला उलटी झाली तर घाबरू नका, लपवूही नका. लेकरू आजारी आहे, त्यात कुणाचा दोष नाही. उलटीवर कागद, राख नाहीतर कोरडी माती टाका, म्हणजे ती पसरत नाही आणि कोणी घसरत नाही. मग हॉटेलवाल्याला सांगा. ती जागा जंतुनाशकाने धुणं त्यांचं काम आहे. आपण लेकराचं तोंड आणि आपले हात साबणाने धुवायचे.

डायपरचं काय?

सगळ्यात जास्त तक्रारी ऐकू येतात त्या डायपरच्या. जेवणाच्या टेबलावर, नाहीतर बाकड्यावर लेकरू झोपवून डायपर बदलला जातो आणि गुंडाळी तिथेच बाकड्याखाली सरकवली जाते. इथे आमच्या रेघेला सूट नाही. डायपर पूर्णपणे आपला.

आपल्याकडे एक समज आहे की तान्ह्या बाळाची शी म्हणजे घाण नाही. बाळ दूधच पितं, त्याला काय होतंय! पण बाळाच्या शीमध्येही मोठ्यांच्या शीसारखेच रोगाचे जंतू असू शकतात. हगवण लागलेल्या बाळाच्या शीतून दुसऱ्या लेकराला हगवण लागते. ज्या टेबलावर डायपर बदलला, त्याच टेबलावर थोड्या वेळाने दुसरी आई आपल्या लेकराचा घास ठेवते, हे डोळ्यांपुढे आणा.

म्हणून टेबलावर बदलायचाच नाही. वेगळा कोपरा मागा. आपलं दुसरं फडकं खाली अंथरा. शक्य असेल तर शी संडासात टाका, डायपर मात्र संडासात टाकू नका. तो कागदात घट्ट गुंडाळून पिशवीत घाला. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांतही डायपर आणि सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून वेगळे द्यावेत, असं सांगितलेलं होतं. त्याचं कारणही माणसाशी जोडलेलं आहे. कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हाताला ते उघडं लागू नये. झाकणाचा डबा असेल तर त्यात टाका, नसेल तर पिशवी बांधून घरी न्या. मग हात साबणाने धुवा.

ज्यांचं हॉटेल आहे त्यांनाही सांगतो. डायपर बदलायला जागाच नसेल तर आई कुठे जाईल? आडोशाला एक लाकडी फळी, वर प्लास्टिकचा कागद, शेजारी झाकणाचा डबा आणि साबण. एवढ्याला मोठा खर्च लागत नाही.

आवरायचं एकट्या आईनेच का?

आता जरा बारकाईने बघा. लेकराने वाटी पालथी केली की सगळ्या हॉटेलची नजर कुणाकडे जाते? आईकडे. बाबा तोवर गल्ल्यावर पैसे देऊन गाडीला किक मारायला निघालेले असतात. आई एका हाताने लेकरू सांभाळते, दुसऱ्या हाताने भात गोळा करते, आणि तिचं स्वतःचं ताट तसंच थंड होतं. "पालकांनी आवरावं" असं आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ "आईने आवरावं" असा होत असेल, तर आम्हाला तो मान्य नाही.

वाटणी सोपी आहे. आई लेकराचं तोंड पुसत असेल तर बाबा टेबल आवरतील. आजी सोबत असेल तर ती लेकरू धरेल. मामा, काका, आत्या, जो कोणी सोबत आहे त्याचे हात रिकामे राहायला नकोत. बापाने चारचौघांत सांडलेला भात उचलला तर त्याचं काही कमी होत नाही. उलट ते बघणारं लेकरू शिकतं की आवरणं हे फक्त बाईचं काम नाही.

आणि लेकरूही यात हवंच. दीड वर्षाचं लेकरू सांगितलं की वस्तू उचलून डब्यात टाकतं, त्याला तो खेळ वाटतो. अडीच-तीन वर्षांचं लेकरू फडकं फिरवतं. चांगलं पुसेल असं नाही, पण फिरवतं. पाच वर्षांचं स्वतःचं ताट उचलून ठेवू शकतं. ही नवी कल्पना नाही. ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या. तिथे मुलांनी आपलं अंग आणि आपली जागा स्वच्छ ठेवणं हा शिक्षणाचाच भाग होता. जपानमध्ये शाळेतली मुलं दुपारचं जेवण एकमेकांना वाढतात आणि वर्ग स्वतः झाडतात. त्या देशाचे लोक फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेत सामना संपल्यावर पिशव्या काढून बाकड्यांखालचा कचरा गोळा करताना जगाने बघितले, अगदी 2022 मध्ये कतारलाही. मैदानात झाडूवाले नव्हते म्हणून नाही. लहानपणची सवय होती म्हणून.

उष्टं उचलणारा हात

या प्रश्नाच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बोलल्याशिवाय हे बोलणं पुरं होणार नाही. आपल्याकडे ज्याचं उष्टं त्याने उचलायचं, अशी सगळ्यांना सारखी रीत नव्हती. पंगत उठली की पुरुष पान खायला ओट्यावर जायचे आणि पत्रावळी उचलायला बाया, नाहीतर ज्यांना हलकं मानलं ती माणसं. उष्टं काढणारा हात कमी दर्जाचा, हे आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं आहे. हॉटेलातून पसारा टाकून उठताना "ठेवलाय ना माणूस" असं तोंडातून निघतं, त्यात पैशाचा हिशोब थोडा आणि ही जुनी सवय जास्त असते.

ही सवय मोडणारी माणसंही आपल्याकडेच झाली. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान राज्यात 2000-01 पासून सुरू झालं, आपल्यापैकी कितीतरी गावांनी त्यात भाग घेतला. साने गुरुजी 1924 मध्ये आपल्या अमळनेरला शिक्षक म्हणून आले. पुढे छात्रालय सांभाळताना मुलांच्या खोल्या झाडणं, त्यांचं सामान आवरणं ते स्वतः करत. शिक्षकाने हे करणं म्हणजे कमीपणा, असं त्यांना वाटलं नाही. ते बघून मुलं आपली खोली आपण आवरायला शिकली.

आपल्याच वागण्यातलाही फरक बघा. जळगाव, भुसावळकडून आपण शेगावला जातो. तिथे लेकराच्या हातून प्रसादाचा कण सांडला तरी चटकन उचलतो. आजूबाजूला सेवेकरी राबताना दिसतात आणि वाटतं, यांना आपल्यामुळे त्रास नको. तीच आपण, तेच लेकरू, वाटेत हॉटेलात थांबलो की हात आखडतो. का? तिथले हात सेवेचे आणि इथले मजुरीचे, म्हणून? पण थकणारे हात तर दोन्हीकडे सारखेच.

ज्या गटांची खानावळ आहे त्यांना

आता ज्या गटांचा खाण्याचा व्यवसाय आहे त्यांच्याशी दोन शब्द. लेकरू घेऊन आलेली बाई हे आपलं चांगलं गिऱ्हाईक असतं. तिला बरं वाटलं तर ती पुढच्या वेळी सगळ्या घराला घेऊन येते. म्हणून लेकरू सांडतंय म्हणून तोंड वाकडं करू नका. "राहू द्या हो ताई, लेकरूच आहे" असं म्हणा. जास्तीची ताटली आणि जुन्या वर्तमानपत्राचा कागद मागायच्या आधी आणून द्या. टेबलाजवळ दिसेल असा झाकणाचा डबा ठेवा. बऱ्याच आयांना आवरायचं असतं, पण टाकायचं कुठे तेच कळत नाही. हात धुवायला साबण ठेवा. टेबल पुसायचं फडकं दिवसातून अनेकदा धुवा आणि वाळवा. एकच ओलं फडकं दिवसभर सगळ्या टेबलांवर फिरलं तर ते पुसत नाही, घाण वाटत जातं.

आणि टेबल पुसणारी आपल्याच गटातली असेल तर तिच्या कामाचा हिशोब नीट धरा. बाजाराच्या दिवशी, यात्रेच्या दिवसांत तिच्या जोडीला आणखी एक बाई द्या. गिऱ्हाइकाकडून सौजन्य मागायचं आणि आपण मात्र तिला राबवून घ्यायचं, हे जमणार नाही.

भिंतीवर पाटी लावायची असेल तर "मुलांनी सांडल्यास दंड" अशी लावू नका. आम्ही सुचवतो ती पाटी अशी: "लेकरू सांडणारच. मोठ्यांनी हाताने उचलावं, आम्ही फडक्याने पुसू." यात कुणाचा अपमान नाही, आणि कुणाचं काम कोणतं तेही कळतं.

येत्या बैठकीत बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. गटातली जी बाई हॉटेलात नाहीतर खानावळीत कामाला जाते, तिला आधी बोलू द्या. गिऱ्हाईक उठून गेल्यावर तिच्या वाट्याला काय येतं, ते तिच्याच तोंडून ऐका. मग लहान लेकराच्या आईला बोलू द्या. दोघींचं ऐकून झालं की आपल्या गटापुरती रेघ कुठे मारायची ते ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. आणि घरी गेल्यावर तो ठराव लेकराच्या बाबांनाही वाचून दाखवा.